दान आणि दात्याचे मनोगत

लोणावळ्याहून पुण्याकडे जाताना मळवली स्थानकाच्या उत्तरेस कार्ल्याचा डोंगर लागतो. या डोंगरात कोरलेले चैत्यगृह सुमारे २००० वर्षांचे असून एकवीरा देवीचे मंदिर त्याच्या अगदी तोंडाशी उभे आहे. पायऱ्या चढून देवीच्या दर्शनास येणाऱ्या भाविकांपैकी फार थोड्यांचे लक्ष चैत्यगृहातील खांबांकडे जाते. त्यांतील अनेक खांबांवर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत लहान लहान लेख कोरलेले आहेत. त्यांत राजस्तुती नाही की धर्मोपदेश नाही. ज्यांनी हे काम करविले त्या दात्यांची ती नावे होत. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल, समोरचा सिंहस्तंभ देणारा महारठी गोतीपुत्र अग्निमित्रणक, धेनुकाकट गावचे यवन, त्याच गावचा सिंहदत्त नावाचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, सोपाऱ्याचा एक भिक्षू अशी ही मंडळी आहेत. वैजयंती म्हणजे आज कर्नाटकात असलेले बनवासी. इतक्या दुरून आलेल्या माणसाने मावळातील एका कड्यासाठी धन दिले, आणि त्याचे नाव व गाव दगडाने आजवर जपून ठेवले.

आजच्या मंदिरांतील पंखे, बाके, घड्याळे आणि फरशा यांवरील नावांना हसणारे पुष्कळ असतात. त्यांनी हे खांब अवश्य पाहावेत. दात्याला आपले नाव असावेसे वाटणे ही काही अलीकडची खोड नव्हे. परंतु या लेखांत एक गोष्ट सापडत नाही. दात्याने कोणत्या भावनेने दिले, काम झाल्यावर त्याला ते पाहून काय वाटले, त्याने पुन्हा दिले की नाही, याविषयी खांब काही बोलत नाही. नाव कोरले की संस्थेचे काम संपले, ही समजूतही बहुधा तितकीच जुनी असावी.

याच डोंगरावर दानाची एक मोठी कथा कोरलेली आहे. क्षत्रप नहपानाचा जावई, दीनिकाचा पुत्र उषवदात म्हणजे ऋषभदत्त याने करजिक नावाचे गाव येथील लेण्यांतील प्रव्रजितांच्या निर्वाहासाठी दिले. कार्ल्याचे तेव्हाचे नाव वलूरक. पंथाचा किंवा मूळस्थानाचा भेद न करता, जे जे येथे वर्षावास करतील त्या सर्वांसाठी हे गाव आहे, असे त्याने स्पष्ट नमूद केले. पुढे नहपानाची सत्ता मोडली आणि हा प्रदेश सातवाहनांकडे गेला. चैत्यगृहात सातवाहन राजाची एक आज्ञाही कोरलेली आहे. बहुतेक अभ्यासक ती गौतमीपुत्र सातकर्णीची मानतात. मामाल येथील अमात्याला उद्देशून ती आज्ञा आहे. मामाल म्हणजे आपले मावळ. तीत तेच करजक गाव वलूरकाच्या भिक्षूंना दिल्याचे म्हटले आहे, म्हणजे पराभूत शत्रूने दिलेले दानही जेत्याने मोडले नाही. मात्र या दुसऱ्या लेखात गाव महासांघिक पंथाच्या भिक्षूंना दिले आहे. पहिल्या दात्याने 'सर्वांसाठी' म्हटले होते, दुसऱ्या आज्ञेत एका निकायाचे नाव आले. गाव तेच, लेणी तीच, पण मूळ दात्याचा शब्द आक्रसला. त्याला विचारणे तेव्हा कोणालाही शक्य नव्हते, आणि कदाचित आवश्यकही वाटले नसेल.

येथे एक प्रश्न उभा राहतो आणि तो प्रत्येक धर्मादाय संस्थेला आजही सोडवावा लागतो. दिलेल्या वस्तूवर दात्याचा काही शब्द उरतो काय? आणि उरत नसेल, तर देणगी घेणाऱ्याने त्याचे मत विचारावेच कशासाठी?

धर्मशास्त्राचे उत्तर वरवर पाहता दात्याच्या विरुद्ध जाते. स्वतःचे स्वामित्व संपविणे आणि दुसऱ्याचे स्वामित्व निर्माण करणे, यालाच शास्त्रकारांनी दान म्हटले आहे. हातावरून पाणी सोडले की वस्तू आपली राहत नाही. 'न मम' म्हणून दिलेल्या गोष्टीचा हिशेब मागत फिरणे म्हणजे ती मनाने दिलीच नव्हती असे ठरते. गीतेच्या सतराव्या अध्यायात परतफेडीच्या अपेक्षेने दिलेल्या दानाला राजस म्हटले आहे, तेही याच अर्थाने. याउलट अमेरिकेत देणग्या गोळा करणाऱ्या संस्थांच्या संघटनांनी १९९३ साली दात्यांच्या हक्कांची एक सनद तयार केली. आपली देणगी ठरलेल्या कामासाठीच खर्च होईल याची खात्री मिळणे, प्रश्न विचारणे आणि त्यांची तत्पर व खरी उत्तरे मिळणे, हे सर्व तीत दात्याचे हक्क म्हणून सांगितले आहे.

हे दोन विचार एकमेकांच्या विरुद्ध वाटतात, परंतु शास्त्राचा दुसरा अर्धा भाग सहसा वाचलाच जात नाही. दानाला प्रतिग्रह लागतो. कोणीतरी ते स्वीकारावे लागते, आणि स्वीकारणाऱ्याच्या योग्यतेविषयी शास्त्रकार दात्याहूनही कठोर आहेत. गीतेनेही देश, काळ आणि पात्र पाहून द्यावे असे सांगितले आहे. लोणावळ्याला सुटीसाठी आलेला मुंबईचा भाविक दहा मिनिटे रांगेत उभा राहून देणगीची पावती फाडतो, तेव्हा तो पात्र कसे पाहणार? त्याला देव दिसतो, संस्था दिसत नाही. कायद्याच्या दृष्टीने तर देवता हीच मालक असून विश्वस्त केवळ सांभाळणारे असतात. दात्याने हक्क सोडला हे खरे, पण सोडलेला हक्क विश्वस्तांच्या खिशात पडत नाही. त्याचे रूपांतर विश्वस्तांवरील ऋणात होते. म्हणून दात्याने हिशेब मागू नये हे जितके शोभते, तितकेच संस्थेने त्याने न मागता सांगावे आणि पुढे जाऊन त्याचे मतही विचारावे हे शोभते. एकाच्या निरपेक्षतेचा दुसऱ्याने फायदा घेऊ नये, इतकी साधी ही गोष्ट आहे.

विचारल्याने संस्थेला लाभ होतो तो मुख्यतः एका कारणाने. आपला समाज तोंडावर नापसंती बोलून दाखवीत नाही. देवाच्या दारी तर नाहीच नाही. पावतीवर नाव चुकले, टपालाने येणारा प्रसाद आला नाही, वडिलांच्या तिथीचे अन्नदान तिथीऐवजी इंग्रजी तारखेला उरकले गेले, तरी घरातील वडीलधारी मंडळी 'जाऊ द्या, देवाचे काम आहे' म्हणून गप्प बसतात. पुढच्या वर्षी मात्र देणगी येत नाही. पूर्वी मनीऑर्डर येईनाशी होई, आता बँकेच्या खात्यात रक्कम जमा होत नाही. कार्यालयाला वाटते की दाता वारला असेल, परगावी गेला असेल किंवा महागाईने हात आखडला असेल. खरे कारण तिथी आणि तारखेच्या घोळाचे असते, आणि एका कारकुनाला पंचांग पाहण्याची सवय लावली असती तर ते मिटले असते.

बहुतेक देवस्थानांत अभिप्रायाची वही ठेवलेली असते. ती चाळून पाहिली तर 'दर्शन छान झाले', 'व्यवस्था उत्तम', 'मन प्रसन्न झाले' यापलीकडे फारसे काही सापडत नाही. त्यात लिहिणाऱ्यांचा दोष नाही. जो कर्मचारी पावती देतो, तोच वही पुढे करून समोर उभा राहतो. मग भिडेपोटी दुसरे काय लिहिले जाणार? प्रश्नही चुकीचा असतो. 'आपला अभिप्राय लिहा' असे म्हटले की माणूस स्तुती लिहितो. त्याऐवजी देणगी देऊन एखादा महिना लोटल्यावर, तिच्याशी संबंध नसलेल्या कोणी दात्याला एवढेच विचारावे की, आपली देणगी कोणत्या कामी लागेल असे आपणांस वाटले होते? या एका प्रश्नाने बरेच काही उघड होते. अन्नछत्रासाठी म्हणून दिलेली रक्कम बांधकामात गेली असेल, तर ती कोणी खाल्ली नसली तरी दात्याच्या मनातील अन्नछत्र उपाशी राहिलेले असते. संस्थेच्या भाषेत तो 'सर्वसाधारण निधी' असतो, आणि दात्याला हा शब्दच माहीत नसतो.

आता या विषयातील सर्वांत अवघड भागाकडे वळावे लागेल. तो कायमनिधीचा होय.

नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात उषवदाताचाच आणखी एक लेख आहे. त्याने ३००० कार्षापणांची अक्षयनीवी स्थापन केली, म्हणजे मुद्दल कधीही मोडायचे नाही, केवळ व्याज वापरायचे. ही रक्कम गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली: २००० कार्षापण दरमहा शेकडा एक या दराने आणि १००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण दराने. पहिल्या रकमेतून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरांसाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे. हिशेब करून पाहिला तर तो चोख जुळतो. २००० वर दरमहा वीस, वर्षाचे २४०; आणि वीस भिक्षूंचे बाराप्रमाणे २४०. हा सारा व्यवहार निगमसभेत वाचून रीतसर नोंदविण्यात आला. दात्याने आपले मनोगत इतके नेमके सांगितले होते की त्याला नंतर विचारायला काही उरलेच नव्हते.

तरीही त्यात एक गृहीत होते, ते म्हणजे चीवराची किंमत बदलणार नाही. आजच्या देवस्थानांच्या दप्तरात याच गृहीतावर उभ्या असलेल्या नोंदी शेकड्यांनी असतात. समजा, १९७५ साली एका कुटुंबाने वडिलांच्या पुण्यतिथीला दरवर्षी अन्नदान व्हावे म्हणून १००० रुपये कायमनिधीत ठेवले. शेकडा सात दराने वर्षाचे सत्तर रुपये व्याज आले. त्या काळी तेवढ्यात एक लहानशी पंगत उठत असे. आज सत्तर रुपयांत एका माणसाचे जेवण कसेबसे होते. पावतीवर मात्र 'दरवर्षी, कायमस्वरूपी' असे शब्द आहेत, आणि फळ्यावर वडिलांचे नावही आहे.

विश्वस्तांनी येथे काय करावे? तीन मार्ग सर्रास अवलंबिले जातात. एक, इतरांच्या पैशांतून पंगत चालू ठेवावी आणि नाव वडिलांचे वाचावे. दोन, पंगत थांबवावी आणि फळा तसाच ठेवावा. तीन, अशा पन्नास नोंदी एकत्र करून एकच पंगत घालावी आणि कोणाला सांगू नये. तिन्हींमध्ये पैशाचा अपहार नाही, आणि तिन्हींमध्ये असत्य आहे. पहिल्यात तर ते एका पुण्यकर्माच्या आड उभे असल्याने ओळखूही येत नाही. चौथा मार्ग कुटुंबाला पत्र लिहिण्याचा. आपल्या आजोबांच्या नावे ठेवलेल्या निधीचे व्याज आता इतकेच येते. आपण भर घालू इच्छिता काय, अन्य कुटुंबांच्या निधीबरोबर ते एकत्र केलेले चालेल काय, की अन्नदानाऐवजी त्या दिवशी केवळ नैवेद्य दाखवावा? असे पत्र लिहिणे जड जाते, कारण त्यात 'कायम' हा शब्द पाळता आला नाही याची कबुली आहे. आचंद्रसूर्य टिकेल असे आश्वासन देऊन घेतलेल्या रकमेविषयी पन्नास वर्षांत हात टेकावे लागले, हे सांगण्यास विश्वस्तांना संकोच वाटतो. काही कुटुंबे दुखावतील, काहींना असा निधी असल्याचेही ठाऊक नसेल, काही पत्रे पत्ता न सापडल्याने परत येतील. पण देणगीदाराचे मत विचारण्याची खरी कसोटी याच ठिकाणी आहे. ज्याच्याकडून नवी रक्कम यायची आहे त्याला विचारणे सोपे असते. ज्याला वाईट बातमी सांगायची आहे त्याला विचारणे हे विश्वस्ताचे काम.

कायद्यानेही या बाबतीत विश्वस्तांना मोकळे सोडलेले नाही. महाराष्ट्रातील सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थांचा १९५० चा अधिनियम हिशेब ठेवणे आणि त्यांची तपासणी करून घेणे बंधनकारक करतो. मूळ हेतू पार पाडणे अशक्य झाले तर निधी परस्पर दुसरीकडे वळविता येत नाही; न्यायालयाकडे जाऊन मूळ हेतूच्या शक्य तितक्या जवळचा उपयोग ठरवून घ्यावा लागतो. ज्या दात्याचे किंवा त्याच्या वारसांचे म्हणणे वेळीच लेखी घेतले असेल, त्याच्या हेतूजवळ राहणे पुढे किती सोपे होईल हे सांगावयास नको.

मात्र सगळ्याच गोष्टी दात्यांच्या मतावर सोडल्या तर संस्था बुडायला वेळ लागणार नाही. दात्यांना विचारले तर शिखर, महाद्वार, चांदीची मखर आणि संगमरवर यांसाठी हात पुढे येतात. स्वच्छतागृहावर वडिलांचे नाव कोणालाच नको असते. लोणावळा परिसरात वर्षाला ४००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. येथे डोंगरावरच्या कोणत्याही वास्तूचे आयुष्य गटारे, उतार आणि छपराच्या गळतीवर अवलंबून असते, आणि या कामांसाठी देणगीदार शोधून सापडत नाही. (मळवलीच्या दक्षिणेस भाजे लेण्यांत पाण्याच्या टाक्यावर महारठी कौशिकीपुत्र विष्णुदत्ताने आपल्या दानाचा लेख कोरविला आहे. पाण्याचे टाके आपल्या नावाला कमीपणा आणील असे त्या सरदाराला वाटले नाही.) दात्यांचे मत घ्यावे ते कामाच्या निवडीचा अधिकार त्यांच्या हाती देण्यासाठी नव्हे. दर्शनार्थी, वृद्ध, पायऱ्या झाडणाऱ्या स्त्रिया यांची गरज कोणती, हे त्यांनाच विचारून विश्वस्तांनी ठरवावे. आणि ती गरज दात्याच्या मनापर्यंत का पोचली नाही, हे दात्याला विचारून समजून घ्यावे. गळक्या छपराचे छायाचित्र दाखविल्यावर देणारे निघतातच. त्यांना पूर्वी कोणी दाखविले नव्हते, इतकेच.

दुसरी मर्यादा कोणाचे मत घ्यावे याची आहे. लाखाच्या दात्याला विश्वस्त स्वतः चहाला बोलावतात, अकरा रुपये देणाऱ्याला वहीसुद्धा मिळत नाही. मोठ्या दात्याचे म्हणणे ऐकू नये असे नाही. महर्षी कर्वे यांच्या महिला विद्यापीठाला सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० साली १५ लाख रुपये देऊ केले, तेव्हा त्यांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठाने स्वीकारले, आणि त्यात कोणाला काही गैर वाटले नाही. पण याच मावळ तालुक्यात तळेगाव दाभाडे येथे वेगळा दाखलाही आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा अशी कल्पना काढली, लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली, आणि त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. त्या कारखान्यात शिकून तयार झालेले कारागीर पुढे देशातील अन्य काच कारखान्यांत गेले. तेव्हाच्या चलनात चौसष्ट पैशांचा एक रुपया होई, म्हणजे चौसष्ट माणसांनी दिल्यावर एक रुपया. अशा निधीत कोणा एकाचा शब्द वजनदार ठरत नाही, आणि कोणा एकाला वगळावे तर कारखानाच पोकळ होतो. देवस्थानांच्या दानपेटीत पडणारी रक्कम याच जातीची आहे. तिच्या मालकांचे मत घ्यावयाचे तर यात्रेच्या गर्दीत उतरून, रांगेतील शंभर जणांना एकच साधा प्रश्न विचारण्यावाचून गत्यंतर नाही. विचारल्यावर त्याचे काय केले, हे पुढच्या यात्रेपूर्वी फलकावर लिहावे. उत्तर न देता नुसते विचारीत राहणे हे मुळीच न विचारण्यापेक्षा वाईट. आणि अभिप्रायासाठी घेतलेल्या भ्रमणध्वनी क्रमांकावर महिनाभर देणगीचे संदेश पाठविणे तर सरळ विश्वासघात आहे.

राहिला तो दाता ज्याला विचारूच नये. नवस फेडावयास आलेल्या माणसाचा व्यवहार देवाशी झालेला असतो. मुलाचे दुखणे, घरातील वाद, समुद्रावर गेलेल्या होडीची काळजी, असे काहीतरी त्या देण्यामागे असते आणि ते त्याने फक्त देवीला सांगितलेले असते. गुप्तदान करणाऱ्याने तर न सांगण्याचीच निवड केलेली असते. अशांच्या हाती 'देणगीचे कारण' असा रकाना असलेला कागद देणे हा आगाऊपणा होय. तो रकाना काढून टाकावा. आणि ठेवायचाच असेल तर त्याखाली मोठ्या अक्षरांत छापावे की, हा रिकामा ठेवला तरी चालेल.